मुलीला संगणकशास्त्र शिकवावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलवावी, ही आपल्या मंडळाची रीत. यंदा ती मोडून चिटणीसबाईंनी घरचीच बाई पकडली. मी काही व्याख्याती नव्हे. आयुष्यभर खडू आणि फळा यांच्याशी गाठ. आधी गणित शिकवले, आणि पुढे कॉलेजात संगणकशास्त्र आले तेव्हा तेही शिकवले. त्यामुळे बोलता बोलता मी वर्गात असल्यासारखी प्रश्न विचारू लागले, तर सांभाळून घ्या.

विषय कसा निघाला ते सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्याच एका वहिनींनी वाण हातात ठेवता ठेवता मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "बाई, आमची धाकटी बारावीला आहे. कॉम्प्युटरलाच जाईन म्हणते. हे म्हणतात, आता यंत्रच प्रोग्रॅम लिहिते, मग शिकून करायचे काय? सासूबाई म्हणतात, रात्री-अपरात्री घरी यायच्या नोकऱ्या त्या, तिला झेपायच्या नाहीत. आणि मला विचाराल तर तिथे तीन-चार वर्षे शिकवतात तरी काय, तेच मला ठाऊक नाही."

प्रश्न असे तीन झाले. शिकवतात काय? आपल्या मुलीला झेपेल का? आणि आता त्याचा उपयोग काय? तिळगूळ खात खात उभ्याने उत्तर देण्याजोगे हे प्रश्न नव्हते. म्हणून आज ते आपल्या सर्वांपुढे मांडते.

आपण जिथे राहतो तिथूनच आरंभ करू. ज्यांचे नाव आपल्या मोठ्या रस्त्याला आहे, ते अण्णासाहेब कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. विधवांसाठी १८९६ साली काढलेला आश्रम त्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. त्यानंतर ९१ वर्षांनी, म्हणजे १९९१ साली, त्यांच्याच संस्थेने त्याच हिंगण्यात, आजच्या कर्वेनगरात, मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज काढले. त्याला कमिन्सचे नाव आहे. आपल्या कोथरूडला १९६२ साली इंजिनांचा जो किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना सुरू झाला, तेच हे नाव. त्या कॉलेजात मुली संगणक अभियांत्रिकी शिकतात. तिन्हीसांजेला खांद्याला बॅग लावून बसथांब्यावर उभ्या असलेल्या त्या मुली पाहिल्या, की मला त्या गणिताच्या मास्तरांची आठवण होते.

आता कोणी म्हणेल, शिकतात खऱ्या, पण शास्त्र मुळात पुरुषांचे. तसे मुळीच नाही. 'कॉम्प्युटर' हा शब्द इंग्रजीत आधी यंत्राला नव्हे, हिशेब करणाऱ्या माणसाला लावीत, आणि त्या कामावर पुष्कळ ठिकाणी बायकाच असत. इंग्लंडातील एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली, यंत्र तयार होण्याच्या आधीच, त्याच्याकडून हिशेब पायरीपायरीने कसा करून घ्यावा हे लिहून ठेवले. अमेरिकेत १९४६ साली एनियॅक हे खोलीभर मोठे यंत्र जगापुढे आले, तेव्हा त्याला काम शिकवणाऱ्या सहाही व्यक्ती स्त्रियाच होत्या. पुढे १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी असा प्रोग्रॅम तयार केला, की यंत्राच्या आकड्यांतल्या सूचना यंत्रानेच जुळवून घ्याव्यात. आणि पुण्याची गोष्ट तर आपल्या माहितीतली. १९७४ साली बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत म्हटले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. त्यांना पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. पुढे १९८१ साली पुण्यात इन्फोसिस निघाली, तेव्हा सुरुवातीचे दहा हजार रुपये याच सुधा मूर्तींनी घरच्या शिलकेतून काढून दिले. असो. बायकांना हे जमते का, हा प्रश्न निदान पुण्यात तरी कोणी विचारू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. शिकवतात काय?

पुष्कळांची समजूत अशी, की यंत्र कसे चालू करावे, पत्र कसे छापावे, तक्ता कसा भरावा हे शिकवत असतील. ते शिकायला तीन महिने पुरतात. संगणकशास्त्राच्या पदवीला जे शिकवतात, ते आपल्या विणकामाच्या वर्गाच्या फार जवळचे आहे. हसू नका. खरेच सांगते.

स्वेटरच्या कडेची वीण कशी लिहितात? 'दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत.' हा झाला प्रोग्रॅम. थोडक्या शब्दांत नेमकी सूचना, आणि ती किती वेळा करायची याची अट. आता मी विचारते, सुईवर ४२ टाके असले तर काय होईल? चार-चारांचे दहा गट झाले की दोन टाके उरतात. तुम्ही-आम्ही काय करू? दोन सुलट घालू आणि निमूटपणे सुई फिरवू. यंत्र तसे करीत नाही. त्याला नेमके सांगितले नसेल, तर ते दोन सुलट घालील आणि पुढचे दोन उलट घालण्यासाठी नसलेला टाका शोधू लागेल. माणसाला जे आपोआप कळते ते यंत्राला कळत नाही. म्हणून माणसाला आपोआप काय कळते, हेच आधी शोधून काढावे लागते. पहिल्या वर्षाचा बहुतेक काळ यातच जातो, आणि पुष्कळ मुले इथेच रडकुंडीला येतात.

दुसरे शिकवतात ते माहिती कशी रचून ठेवावी हे. घरात आपण ताटांची चळत लावतो. जे ताट शेवटी ठेवले, ते आधी निघते. रेशनच्या दुकानापुढे रांग लावतो. जो आधी आला, त्याचा नंबर आधी. संगणकात या दोन्ही रचना आहेत, आणि कुठे चळत हवी, कुठे रांग हवी, हे कळणे यालाच किंमत आहे. रेशनला चळतीचा नियम लावला तर पहाटेपासून उभी असलेली बाई संध्याकाळपर्यंत तिथेच राहील!

तिसरे शिकवतात ते मार्ग निवडणे. हजार नावांची यादी आहे आणि तीत एक नाव शोधायचे आहे. पहिल्यापासून वाचत गेलो, तर वाईटात वाईट हजार नावे वाचावी लागतील. पण यादी अकारविल्हे लावलेली असेल, तर मधोमध उघडावी. आपले नाव आधी येते की नंतर, ते पाहावे. अर्धी यादी सोडून द्यावी. पुन्हा मधोमध उघडावी. असे करीत गेले की फार तर दहा वेळांत नाव सापडते. दहा लाख नावे असली तरी वीसच वेळा! एका चांगल्या विचाराने दहा लाखांचे वीस होतात. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, आणि त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

पण नुसत्या वेगाने सगळे होते असेही नाही. समजा, हळदीकुंकवाला दहा घरी जायचे आहे. कमीत कमी चालून सगळी घरे व्हावीत, तर कोणत्या क्रमाने जावे? क्रम किती आहेत ठाऊक आहे? ३६ लाख २८ हजार ८००. तेवढे यंत्र चुटकीसरशी तपासून टाकील. पण घरे पंधरा झाली की क्रम एक लाख तीस हजार कोटींच्या वर जातात. आणखी पाच घरे वाढली, की जगातले मोठ्यात मोठे यंत्र आणले तरी एकेक क्रम तपासत बसणे हा शहाणपणा नव्हे. मग अगदी उत्तम नसला, तरी पुरेसा चांगला रस्ता कसा काढावा, हे शास्त्र शिकवते. कोणती कामे यंत्राने होण्याजोगी आहेत आणि कोणती नाहीत, हे ओळखणे हा या पदवीचा गाभा आहे, असे मला वाटते.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते आपल्या सर्वांच्या पर्समध्ये आहे. तुम्ही मोबाइलवर मराठीत निरोप पाठवता. 'क्ष' हे अक्षर जाते कसे? यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून क ला २३२५ हा क्रमांक, पाय मोडण्याच्या खुणेला २३८१ आणि ष ला २३५९. हे तीन आकडे ओळीने जातात, आणि पलीकडचा फोन त्यांचे जोडाक्षर करून दाखवतो. ही व्यवस्था आपोआप झालेली नाही. आपल्या लिप्या यंत्रावर आणण्याचे काम आधी कानपूरच्या आय.आय.टी.त झाले, आणि पुढे ते आपल्या पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. भारतीय लिप्यांचे एक मानक १९९१ साली ठरले. याच संस्थेने त्याच वर्षी 'परम' हा महासंगणक तयार केला. त्याचे कौतुक वर्तमानपत्रांत झाले, पण नातवाला मराठीतून आशीर्वाद पाठवता येतो याचे श्रेय कोणी कोणाला देत नाही. ज्यांनी हे केले, त्यांना यंत्राइतकेच आपल्या बाराखडीचे व्याकरणही नीट समजून घ्यावे लागले.

याशिवाय माहितीचे कोठार कसे राखावे, एकाच यंत्राने अनेकांची कामे कशी वाटून घ्यावीत, एका गावचे यंत्र दुसऱ्या गावच्या यंत्राशी कसे बोलते, हे सारे असते. गणित तर पहिल्यापासून असतेच. शेवटच्या वर्षी तिघाचौघांनी मिळून एक काम पुरे करून दाखवायचे असते. त्याचा तपशील सांगत बसत नाही.

आता दुसरा प्रश्न. आपल्या मुलीला झेपेल का? येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. आजवर ती मी कोणत्याही सभेत सांगितलेली नाही.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या कॉलेजात संगणकाचा विषय नुकताच सुरू झाला होता. यंत्रे आठ, आणि मुलांना अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. मी स्वतः रात्री शिकावे आणि सकाळी वर्गात शिकवावे, अशी तारांबळ. त्या वर्गात जुन्या कोथरूड गावठाणातली एक मुलगी होती. मराठी शाळेतून आलेली, गणिताला उत्तम गुण. पहिल्या चाचणीत तिने निम्मा पेपर कोरा ठेवला, कारण प्रश्नांचे इंग्रजीच तिला लागले नव्हते. तिचे वडील एका कारखान्यात फिटर होते. मी त्यांना बोलावून घेतले. चपला दाराबाहेर काढून ते आत आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तसे." मी सांगितले, "इंग्रजी कच्चे आहे. पुस्तके सगळी इंग्रजीत. उगाच वर्ष फुकट जाईल. कॉमर्सला घाला, लवकर नोकरीला लागेल." त्यांनी ऐकले. मुलगी दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही.

बारा-चौदा वर्षांनी मी एका पतसंस्थेत ठेवीची पावती बदलायला गेले. खिडकीपलीकडे तीच. मला ओळखून तिने आत बोलावले, चहा मागवला आणि आपले काम दाखवले. सगळ्या ठेवीदारांच्या व्याजाचा हिशेब तिने यंत्रावर बसवला होता. कोणी शिकवले नव्हते. चुकत चुकत, पुन्हा मांडत, स्वतःच केले होते. मुदतीच्या आधी ठेव मोडली तर काय, हे तिने धरले होते. लीप वर्षातला एक दिवससुद्धा धरला होता. मी पाहतच राहिले. हा दिवस माझ्या वर्गातली पदवीची मुले निम्म्याहून अधिक वेळा विसरत.

चहा संपल्यावर तिने अगदी साधेपणाने विचारले, "बाई, तेव्हा मला जमले असते का हो?"

भगिनींनो, त्या प्रश्नात राग असता तर बरे झाले असते. मी म्हटले, "जमले असते. चुकले ते माझे." ती हसली आणि म्हणाली, "नाही हो बाई, तसे काही नाही." पण तसेच होते.

माझी चूक नेमकी कोणती, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मी तिचे इंग्रजी पाहिले, विचार पाहिला नाही. इंग्रजी वर्षा-दीड वर्षात कामापुरते येते. नेमका विचार करण्याची ओढ ज्याची त्याची असते. आणि मला मराठी येत होते ना? मग रांग म्हणजे क्यू आणि चळत म्हणजे स्टॅक, हे दोन शब्द मी तिला का सांगितले नाहीत? त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक धडा आधी मराठीत समजावला, मग इंग्रजी शब्द दिला. २०२१ साली निगडीच्या पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्यास प्रारंभ झाला. ती बातमी वाचून मला सर्वांत आधी आठवली ती दाराशी उभी असलेली ती मुलगी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. माझ्याच भाच्याला आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि त्यात मीही होते, पगाराचे आकडे ऐकून या शाखेला घातले. तो वहीच्या समासात चित्रे काढी. दोन वर्षे त्याने काढली, पण ती कुढत काढली. शेवटी सोडून तो चित्रकलेकडे गेला आणि माणसात आला. तात्पर्य एवढेच, की एकीला मी नको म्हणून अडवले आणि एकाला हवे म्हणून ढकलले. दोन्ही वेळा मुलाकडे पाहिलेच नाही.

मग ओळखावे कसे? गुणपत्रिकेपेक्षा मी तीन गोष्टी पाहीन. मुलीला कोडी सोडवायला आवडतात का? एखादी गोष्ट बिघडली तर ती चिडून बाजूला सारते, की का बिघडली म्हणून उघडून पाहते? आणि 'असे झाले तर?' हा प्रश्न ती वारंवार विचारते का? तिसऱ्या प्रश्नाने आईला फार त्रास होतो खरा, पण ती मुलगी या शास्त्राची आहे असे खुशाल समजावे.

आता व्यवहाराचे थोडके. वाटा तीन-चार आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन सीईटी दिली, तर चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी. बारावी शास्त्राला गणित असेल तर बी.एस्सी. संगणकशास्त्र, हे आपल्या विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांत आहे. बी.सी.ए. हाही एक मार्ग. त्यालाही २०२४ पासून सीईटी सुरू झाली आहे, तेव्हा अर्जाची तारीख चुकवू नये. आणि दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्या घरात लवकर हातभार लागायला हवा, त्या घराला हा मार्ग सोयीचा.

पैशाची अडचण मोठी, हे मान्य. पण दोन गोष्टी पुष्कळ आयांना ठाऊकच नसतात. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून असा निर्णय केला, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणास प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. दुसरी, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची 'प्रगती' शिष्यवृत्ती. वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच, आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दाखले वेळेवर काढून ठेवावे लागतात. पुष्कळदा मुलगी हुशार असते आणि राहतो तो दाखला!

सासूबाईंची काळजी राहिली. ती खोटी नाही. काही नोकऱ्यांत रात्रीचे काम असते. पण सगळ्याच नोकऱ्यांत नसते. बँका, इस्पितळे, शाळा-कॉलेजे, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे आज हे शिकलेले माणूस लागते. रात्रीचे काम असेल तर गाडीची व्यवस्था कोण करणार, हे मुलीने नेमणूकपत्र घेताना स्पष्ट विचारावे. आजीने काळजी करावी, पण नातीला अडवून नव्हे.

आता तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न. यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागले, मग शिकायचे कशाला?

येथे मी खोटा धीर देणार नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले तेव्हापासून या धंद्याचे रूप पालटत आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. आपल्या कोथरूडमधून रोज सकाळी हिंजवडीला जाणारी किती मुले आहेत! त्यांच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल, ते मी सांगायला नको. पदवी घेतली की नोकरी ठरलेली, हा काळ गेला असे समजूनच मुलीला घालावे.

पण एक प्रयोग मी केला, तो ऐका. आपल्या भिशीत आपण वीसजणी, महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे दरमहा दहा हजार. या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहून दे, असे मी त्या यंत्राला सांगितले. मिनिटभरात त्याने सुबक प्रोग्रॅम लिहून दिला. माझ्या विद्यार्थ्यांना दोन दिवस लागले असते. मी कागदावर चार नावे मांडून तो तपासला. आपल्यातल्या एकीने मागच्या खेपेला दोन महिन्यांचे हजार रुपये एकदम दिले होते, आठवते ना? यंत्राने तिला पुढच्या महिन्याची थकबाकीदार ठरवले! मी चूक दाखवताच त्याने मोठ्या नम्रपणे क्षमा मागितली आणि दुरुस्तीही केली. पण मी विचारले म्हणून. विचारले नसते, तर आपल्या एका प्रामाणिक मैत्रिणीला सर्वांदेखत पैसे मागण्याची पाळी खजिनदारबाईंवर आली असती.

भिशीत हे हसण्यावारी जाईल. पेन्शनच्या यादीत, इस्पितळातल्या औषधाच्या मात्रेत, रेशनच्या नोंदीत जाणार नाही. तेथे एखाद्या म्हातारीचे नाव गळाले, तर तिला महिनाभर दारोदार फिरावे लागते. प्रोग्रॅमच्या ओळी लिहिणारी माणसे कदाचित कमी लागतील, हे मी नाकारीत नाही. पण लिहिलेले बरोबर आहे का, कोणाचे नाव राहून गेले, ४२ टाक्यांचे काय होणार, हे विचारणारे माणूस लागेलच. आणि तो प्रश्न नेमका कुठे विचारावा हे कळण्यासाठीच ही तीन-चार वर्षे आहेत. म्हणून वहिनींना माझे उत्तर असे. मुलीला नुसत्या पगारासाठी घालू नका आणि नुसत्या भीतीने अडवूही नका. तिला नेमका विचार करायला आवडत असेल, तर अवश्य घाला. हे शिक्षण कोणत्याही कामात फुकट जात नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती करते आणि पुरे करते. आपल्या घरांत कामाला येणाऱ्या बहुतेक बायका केळेवाडी, सुतारदरा, किष्किंधानगर इथल्या. त्यांच्या मुली आठवी-नववी-दहावीत आहेत. त्यांतल्या एखादीला ताटांची चळत आणि रेशनची रांग यांतला फरक सांगितला, तर ती लगेच पुढचा प्रश्न विचारील. शनिवारी दुपारी आपला हा हॉल रिकामाच असतो. मंडळाने तो दिला, तर मी दर शनिवारी दोन तास येऊन बसेन आणि मराठीतून शिकवीन. एक-दोन जुने संगणक आपल्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर पडलेले असतील, ते आणून द्यावेत. आणि दोघीतिघींनी दाखले व शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे. दारापर्यंत आलेल्या एका मुलीला मी एकदा परत पाठवले आहे. दुसरी परत जाऊ नये, एवढीच इच्छा.

 नावे नोंदवायची वही चिटणीसबाईंजवळ ठेवली आहे. जाताना पाहून जावे.